घराची गुणपत्रिका

नागपुरात वर्धा मार्गाने किंवा बेसा-मनीषनगरच्या बाजूने एक चक्कर मारली, तर नव्या इमारतींच्या जाहिरातींचे मोठमोठे फलक दिसतात. पूर्वी अशा फलकांवर ‘चोवीस तास पाणी’ आणि ‘स्टेशनपासून दहा मिनिटे’ एवढेच असायचे. आता त्यात ‘हरित घर’ या शब्दांची भर पडली आहे. कुठे ‘सुवर्ण’ लिहिलेले असते, कुठे ‘प्लॅटिनम’, तर कुठे चार किंवा पाच तारे काढलेले असतात. म्हणजे घरालाही आता परीक्षा आहे आणि निकालही लागतो!

आपण शिक्षक मंडळी. कोणी पहिल्या वर्गात पास झाल्याचे सांगितले की आपल्या मनात लगेच पुढचे प्रश्न येतात. पेपर कोणी काढला? किती गुणांचा होता? सक्तीचे प्रश्न किती, ऐच्छिक किती? आणि उत्तरपत्रिका तपासली कोणी? घराच्या गुणपत्रिकेलाही हेच प्रश्न विचारून पाहू. त्यांची उत्तरे शोधताना गेल्या पन्नास वर्षांचा एक चांगला इतिहास हाती लागतो, आणि शेवटी आपल्या डोक्यावरच्या छतापाशी येऊन थांबावे लागते.

परीक्षा नव्हती तेव्हा

नागपूरच्या महाल भागातील जुने वाडे किंवा आसपासच्या खेड्यांतील जुनी घरे आठवा. मातीच्या किंवा विटा-मातीच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती, वर सागवानी लाकडांवर अंथरलेले कवेलू, पुढे छपरी, मध्ये चौक. उन्हाळ्यात दारा-खिडक्यांना वाळ्याचे ताटे लावून त्यांवर पाणी मारायचे.

यातली प्रत्येक गोष्ट पदार्थविज्ञानाच्या भाषेत सांगता येते. जाड मातीची भिंत उष्णता अडवते त्यापेक्षा ती उशिरा आत पोचवते. दुपारचे ऊन भिंतीच्या आतल्या बाजूला जाणवू लागेपर्यंत रात्र झालेली असते, आणि तोपर्यंत बाहेरची हवा निवलेली असते. कवेलूंच्या थरांमध्ये हवा अडकलेली असते आणि फटींमधून ती हलतही असते, त्यामुळे कवेलू तापले तरी त्यांची सगळी उष्णता खोलीत उतरत नाही. वाळ्याच्या ताटीतून येणारी हवा पाण्याचे बाष्पीभवन करते आणि त्यासाठी लागणारी उष्णता स्वतःतूनच देते, म्हणून ती थंड होते.

नागपूरपासून जवळच, वर्ध्याजवळच्या सेगावात १९३६ साली गांधीजी राहायला गेले. तेच पुढे सेवाग्राम झाले. तिथले पहिले घर बांधताना त्यांच्या अटी होत्या : खर्च ५०० रुपयांच्या आत हवा आणि साहित्य व कारागीर परिसरातलेच हवेत. आजच्या हरित परीक्षेत स्थानिक साहित्य वापरल्याबद्दल गुण असतात. सेवाग्रामला ते गुण कोणी दिले नाहीत. तिथे तर ती प्रवेशाचीच अट होती.

पण जुन्याचे कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये. मातीच्या भिंतीला वाळवी लागे, कवेलू दरवर्षी फेरावे लागत, आणि माणसे वाढली तेव्हा घरावर दुसरा-तिसरा मजला चढवणे भाग होते. सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब या अडचणींवरचे उत्तर म्हणून आला. तो मजबूत होता, गळत नव्हता, वर गच्ची मिळत होती. फक्त उन्हाळ्याचा विचार त्यात नव्हता.

आराम मोजायचा कसा?

घराला गुण द्यायचे तर आधी ठरवायला हवे की चांगले घर म्हणजे काय. साधा थर्मामीटर इथे अपुरा पडतो. ३४ अंशांची कोरडी, वाहती हवा सुसह्य वाटते. ३४ अंशांचीच दमट, कोंदट हवा जीव नकोसा करते. म्हणजे तापमान, आर्द्रता आणि वारा या तिन्हींचा एकत्र विचार हवा. भिंती-छत तापलेले असतील तर त्यांचे प्रारणही धरायला हवे.

यावर युरोप-अमेरिकेत बरेच काम झाले होते, पण ते प्रामुख्याने तिथल्या माणसांवर आणि तिथल्या बंद खोल्यांत. आपल्याकडे रूडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेत एम. आर. शर्मा आणि शराफत अली यांनी भारतीय माणसांना विचारून, मोजमापे घेऊन एक निर्देशांक तयार केला. १९८६ साली तो प्रसिद्ध झाला. त्याचे नाव उष्णकटिबंधीय ग्रीष्म निर्देशांक. कल्पना सोपी आहे : तुम्हाला आत्ता जेवढे उकडते आहे तेवढेच, वारा नसलेल्या आणि ५० टक्के आर्द्रता असलेल्या हवेत किती तापमानाला उकडेल? तो आकडा म्हणजे हा निर्देशांक. या अभ्यासात तो २५ ते ३० अंशांच्या दरम्यान असताना लोकांना बरे वाटते असे दिसले.

हे महत्त्वाचे का? कारण आरामाची मर्यादा २३-२४ अंशांवर आखली, तर नागपुरात प्रत्येक घराला वातानुकूलन यंत्र लावावे लागेल. ती ३० पर्यंत नेली आणि पंख्याचा वारा हिशेबात धरला, तर वर्षातले कितीतरी दिवस यंत्राविना निभतील. मोजपट्टीवरची एक रेघ कुठे मारायची यावर हजारो मेगावॅट वीज अवलंबून असते.

तेलाचा धक्का

इमारतींची परीक्षा घेण्याची कल्पना जगात आली ती १९७३ च्या तेलसंकटानंतर. तेलाच्या किमती एकदम चढल्या आणि थंड देशांच्या लक्षात आले की आपली कितीतरी ऊर्जा घरे उबदार ठेवण्यातच जाते. १९७५ साली अमेरिकेतील वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेने इमारतींच्या ऊर्जावापराचे मानक काढले. १९७८ साली कॅलिफोर्निया राज्याने असे नियम कायद्याने लागू केले. या नियमांत निकाल दोनच होते, पास किंवा नापास.

श्रेणी देण्याची पद्धत सुरू झाली १९९० साली ब्रिटनमध्ये. तिथल्या इमारत संशोधन संस्थेने ‘ब्रीऍम’ ही पद्धत आणली. ऊर्जेबरोबरच पाणी, साहित्य, आरोग्य, जागेची निवड अशा विषयांना वेगवेगळे गुण द्यायचे, बेरीज करायची आणि श्रेणी लावायची. अमेरिकेत १९९३ साली हरित इमारत परिषद स्थापन झाली आणि १९९८ साली तिने ‘लीड’ ही पद्धत प्रायोगिक स्वरूपात सुरू केली.

परीक्षा बदलत राहतात, कधी बंदही पडतात. ब्रिटनने २००६ साली नव्या घरांसाठी ‘शाश्वत घरांची संहिता’ जाहीर केली आणि २०१५ साली ती मागे घेतली. तेव्हा प्रमाणपत्र पाहताना त्यावरचे साल पाहणे हा पहिला धडा.

भारतातला अभ्यासक्रम

आपल्याकडे राष्ट्रीय इमारत संहिता १९७० साली निघाली. ती १९८३, २००५ आणि २०१६ साली सुधारली गेली. हवामानाचे विभाग, वायुवीजन, उजेड यांची माहिती तिच्यात होती, पण गुण नव्हते.

गुणांची पद्धत या शतकात आली. २००१ साली हैदराबाद येथे भारतीय हरित इमारत परिषद स्थापन झाली. हैदराबादचेच सोहराबजी गोदरेज हरित व्यवसाय केंद्र २००३ साली ‘लीड’ची प्लॅटिनम श्रेणी मिळवणारी अमेरिकेबाहेरची पहिली इमारत ठरले. ही परीक्षा मुळात अमेरिकेची होती. घरांसाठी स्वतंत्र भारतीय परीक्षा परिषदेने २००८ साली सुरू केली. तिची दुसरी आवृत्ती २०१२ साली आली आणि तिसरी २०१९ साली.

दुसरी पद्धत ‘गृह’. टेरी ही संस्था आणि केंद्राचे नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी मिळून ती घडवली आणि २००७ साली ती राष्ट्रीय पद्धत म्हणून स्वीकारली गेली. तिच्यात एक ते पाच तारे मिळतात. सुरुवातीला एका ताऱ्यासाठी किमान ५० गुण लागत आणि पाच ताऱ्यांसाठी ९१. २०१५ च्या आवृत्तीत एका ताऱ्याची किमान मर्यादा २५ झाली आणि पाच ताऱ्यांची ८६. यावरून परीक्षा सोपी झाली असे लगेच म्हणता येणार नाही, कारण प्रश्नही बदलले होते. पण दोन वेगवेगळ्या वर्षांचे ‘पाच तारे’ थेट तुलनेला ठेवता येत नाहीत एवढे नक्की.

या दोन्ही पद्धती ऐच्छिक. काही अटी सक्तीच्या असतात आणि बाकीचे गुण कुठून मिळवायचे हे बांधणाऱ्याने ठरवायचे. यात एक अडचण आहे आणि ती आपल्याला चांगली ठाऊक आहे. भूमितीत कच्चा असलेला मुलगा बीजगणितात गुण मिळवून पुढे जातो. एकूण टक्केवारीत त्याची भूमिती दिसत नाही. घराचेही तसेच. एकूण श्रेणी पाहून घर उन्हाळ्यात किती तापेल हे कळत नाही.

म्हणून कायद्याच्या मार्गाने येणाऱ्या संहिता महत्त्वाच्या. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानंतर २००७ साली इमारतींसाठी ऊर्जासंहिता आली, पण ती व्यापारी इमारतींसाठी होती. घरांची पाळी यायला आणखी अकरा वर्षे लागली. डिसेंबर २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध झाली. २०२१ साली तिचा दुसरा भाग आला, २०२२ साली मूळ कायद्यात दुरुस्ती होऊन मोठ्या निवासी इमारती त्याच्या कक्षेत आल्या, आणि २०२४ साली सुधारित संहिता निघाली.

२०१८ च्या संहितेत गुणांची बेरीज नव्हती, थेट मर्यादा होत्या. भिंती आणि खिडक्या मिळून आत येणारी उष्णता, संहितेने ठरवून दिलेल्या हिशेबाने, दर चौरस मीटरला १५ वॅटपेक्षा जास्त नको. संमिश्र हवामानात उघडता येणाऱ्या खिडक्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान साडेबारा टक्के हव्यात. आणि छताचे यू-मूल्य १.२ पेक्षा जास्त नको.

नागपूरचा पेपर अवघड का?

संहितेच्या भाषेत नागपूर ‘संमिश्र’ हवामानाच्या विभागात येते. संमिश्र म्हणजे उष्ण-कोरडी, उष्ण-दमट अशी कोणतीच एक स्थिती सहा महिने टिकत नाही. हा शब्द साधा वाटतो, पण त्यात नागपूरची सगळी अडचण आहे.

मे महिन्यातली दुपार घ्या : तापमान ४४ अंश, आर्द्रता १५ टक्के. अशा वेळी ओल्या फडक्याने गुंडाळलेला थर्मामीटर सुमारे २३ अंश दाखवेल. बऱ्यापैकी कूलर या दोन आकड्यांमधले ८० टक्के अंतर कापतो, म्हणजे सुमारे २७-२८ अंशांची हवा देतो. आता जुलैतली संध्याकाळ घ्या : ३२ अंश, आर्द्रता ७५ टक्के. ओला थर्मामीटर २८ च्या वरच राहील. कूलर फार तर तीन अंश उतरवेल आणि खोली आणखी दमट करेल. म्हणजे जो उपाय मेमध्ये उत्तम, तोच जुलैत निरुपयोगी.

शिवाय कूलर पाणी पितो. एक लिटर पाण्याच्या बाष्पीभवनाला सुमारे २४०० किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ पाऊण युनिटाइतकी उष्णता लागते. तासाला २००० घनमीटर हवा फेकणारा कूलर मेच्या दुपारी तासाला अंदाजे १५ लिटर पाणी उडवतो. दहा तासांत १५० लिटर! शहरातील एका माणसाला दिवसाकाठी १३५ लिटर पाणी लागते असे आपल्याकडे धरले जाते. म्हणजे एक कूलर घरातल्या आणखी एका माणसाइतके पाणी पितो, तेही टंचाईच्या महिन्यात. गुणपत्रिकेत ऊर्जा आणि पाणी हे दोन वेगळे विषय असतात. नागपूरकराला ते वेगळे ठेवता येत नाहीत. वीज वाचवावी तर पाणी जाते, पाणी वाचवावे तर वीज.

या कोंडीतून सुटण्याचा एकच मार्ग आहे : उष्णता मुळात घरात कमी येऊ द्यायची.

सूर्य डोक्यावर

नागपूरचे अक्षांश २१.१ उत्तर. २६ मेच्या सुमारास सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. ‘शून्य सावली’चा हा दिवस आपण मुलांना दाखवतो. पण त्याचा घराशी असलेला संबंध क्वचितच सांगतो. सूर्य डोक्यावर असताना उभ्या भिंतींवर मध्यान्ही तिरपे ऊनही जवळजवळ पडत नाही. सगळा मारा छतावर होतो. वर्षातले सर्वांत कडक ऊन आणि सर्वांत कोरडी हवा यांच्या दिवसांतच हे घडते.

आता हिशेब करू. छताच्या दोन बाजूंच्या तापमानांत एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटरमधून जितके वॅट उष्णता वाहते ते त्याचे यू-मूल्य. १५ सेंटिमीटर जाडीच्या उघड्या काँक्रीट स्लॅबचे यू-मूल्य सुमारे ३.३ येते. मेच्या दुपारी ऊन आणि हवा मिळून छताच्या बाहेरची परिस्थिती खोलीपेक्षा ३० अंशांनी जास्त उष्ण आहे असे धरा. प्रत्यक्षात फरक याहूनही जास्त असू शकतो. १० चौरस मीटरच्या खोलीसाठी ३.३ गुणिले ३० गुणिले १०, म्हणजे सुमारे १००० वॅट. हजार वॅटची इस्त्री छताला उलटी टांगून दुपारभर चालू ठेवावी, तसे! संहितेची १.२ ची मर्यादा पाळली तर हाच आकडा ३६० वर येतो.

हा हिशेब स्थिर स्थितीचा आहे. प्रत्यक्षात स्लॅब आधी स्वतः तापतो, मग उष्णता खाली सोडतो, म्हणून वरच्या मजल्यावर खरी काहिली संध्याकाळी जाणवते. नागपुरात पिढ्यान् पिढ्या लोक उन्हाळ्यात गच्चीवर झोपत आले, त्यामागे हेच विज्ञान आहे. स्लॅबच्या वरची हवा रात्री निवते, खालची खोली निवत नाही.

१.२ ची मर्यादा गाठायला काय लागते? चांगल्या उष्णतारोधक पदार्थाचा सुमारे दोन सेंटिमीटरचा थर, आणि त्यावर पाण्यापासून संरक्षण. ते परवडत नसेल तर चुन्याचा पांढराशुभ्र लेप. त्याने यू-मूल्य बदलत नाही, पण स्लॅब मुळात कमी तापतो. जुने काळपट काँक्रीट अंगावर पडलेल्या उन्हापैकी बहुतेक भाग शोषते. स्वच्छ पांढरा चुना बहुतेक भाग परत पाठवतो. मात्र धूळ आणि पाऊस यांमुळे हा गुण कमी होतो आणि लेप पुन्हा द्यावा लागतो.

परीक्षेला न बसलेली घरे

महाराष्ट्राच्या डिसेंबर २०२० मधील एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने हरित श्रेणीला बक्षीस ठेवले. ‘गृह’चे तीन तारे किंवा रजत श्रेणी मिळाली तर मूळ चटई क्षेत्रावर ३ टक्के जादा, त्यावरच्या श्रेणीला ५ आणि सर्वोच्च श्रेणीला ७ टक्के. कबूल केलेली श्रेणी मिळाली नाही तर दंडाची तरतूदही आहे. नागपूरला ही नियमावली लागू आहे. म्हणजे फलकावरचे तारे नुसते भूषण नाहीत, त्यांतून विकता येईल अशी जागा मिळते. म्हणूनच तपासणी नेटकी हवी, आणि ती नकाशावर थांबता कामा नये. छताखाली प्रत्यक्ष तापमान किती राहते, हे लोक राहायला आल्यानंतर मोजले पाहिजे.

पण याहून मोठा प्रश्न वेगळा आहे. २०१८ ची संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींसाठी लिहिली गेली. ५०० चौरस मीटर म्हणजे सुमारे ५४०० चौरस फूट. नागपूरच्या लेआउटमध्ये शिक्षक, कारकून, दुकानदार यांनी घेतलेले प्लॉट दीड-दोन हजार चौरस फुटांचे. ते घर स्थानिक ठेकेदार बांधतो, स्लॅब पडतो, वर पाण्याची टाकी बसते, आणि छताचे यू-मूल्य कोणी विचारत नाही. टिनाच्या पत्र्याखाली राहणाऱ्यांची तर गोष्टच निराळी. ही घरे नापास झालेली नाहीत. त्यांना परीक्षेला बसवलेलेच नाही. उन्हाचा त्रास मात्र त्यांनाच सर्वांत जास्त.

छताची एक सक्तीची अट लहान घरांनाही लावावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तारे नकोत, बेरीज नको. एकच प्रश्न, पण सक्तीचा. दोन सेंटिमीटरच्या थराचा खर्च घराच्या एकूण खर्चात फारसा दिसत नाही. न घातलेल्या थराची किंमत मात्र पुढची चाळीस-पन्नास वर्षे दर मेमध्ये मोजावी लागते.

वर्गात करून पाहा

कायदा होईल तेव्हा होईल, मोजायला तर आपण आजच सुरुवात करू शकतो. पुठ्ठ्याचे सारख्या आकाराचे तीन खोके घ्या. प्रत्येकावर झाकण म्हणून एकसारखी सिमेंटची फरशी ठेवा. पहिली तशीच राहू द्या. दुसरीला चुन्याचे दोन हात द्या. तिसरीवर फुटके कवेलू पालथे पसरा. खोक्याच्या बाजूला भोक पाडून प्रयोगशाळेतला थर्मामीटर आत सरकवा. त्याचा फुगा फरशीला टेकू देऊ नका. सकाळी दहा ते सायंकाळी सहा दर अर्ध्या तासाला नोंद करा आणि आलेख काढा. मग मुलांना दोन प्रश्न विचारा : कोणत्या खोक्याचे शिखर सर्वांत खाली? आणि ते बाहेरच्या हवेच्या शिखरापेक्षा किती उशिरा आले? दुसरा प्रश्न विसरू नका. जाड भिंतींचे सगळे शहाणपण त्यात आहे.

मोजताना थर्मामीटरही तपासून घ्या. ३० मे २०२४ रोजी नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले आणि देशभर गडबड उडाली. हवामान खात्याने तपासले तेव्हा संवेदकात दोष असल्याचे आढळले. आकडा चुकीचा आहे हे कळले, कारण शेजारी दुसरे आकडे होते आणि त्यांच्याशी ताडून पाहणारी माणसे होती.

घरांच्या बाबतीत आज नेमके तेच नाही. प्रमाणपत्रे आहेत, पण ताडून पाहायला छताखालचे आकडे नाहीत. एका शाळेतील नववीच्या चाळीस मुलांनी आपापल्या घरी, मेच्या एका आठवड्यात, छतापासून हातभर खाली थर्मामीटर टांगून संध्याकाळी सात वाजता नोंद केली आणि घराचे छप्पर कवेलूचे, टिनाचे, उघड्या स्लॅबचे की चुना दिलेल्या स्लॅबचे हे सोबत लिहिले, तरी शहराला उपयोगी पडेल असा तक्ता तयार होईल. पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेने तो पुढे चालवावा.